सुरकुती कोणाला माफ?

मराठीत कपड्यावरच्या वळीला सुरकुती म्हणतात, चुणी म्हणतात. म्हातारपणी चेहऱ्यावर पडते तीही सुरकुतीच. रागाने किंवा काळजीने कपाळावर पडते ती मात्र आठी. आमच्या उर्दूत एकच शब्द दोन्हीकडे चालतो. चादरीवर पडते तीही शिकन आणि कपाळावर पडते तीही शिकन. वर्गात हा शब्द शिकवताना आम्ही मुलांना दोन्ही अर्थ सांगतो. पण व्यवहारात या दोन शिकनांचे नाते काय, याचा विचार आपण फारसा करत नाही. एकाच्या कपड्यावर शिकन दिसली की दुसऱ्याच्या कपाळावर शिकन पडते, एवढे मात्र रोज दिसते. ही कपाळावरची शिकन रास्त आहे का, एवढाच प्रश्न या लेखात विचारायचा आहे.

'आम्ही' म्हणजे कोण, तेही सांगून टाकू. वाशीम, कारंजा, मंगरूळपीर, रिसोड, मालेगाव, मानोरा या तालुक्यांतल्या उर्दू शाळांत शिकवणारे, पगाराच्या तारखेकडे डोळे लावणारे, सकाळी दहाच्या आत नीटनेटके होऊन घराबाहेर पडणारे आम्ही. आमच्यापुढे बसणारी मुले हमालाची, गॅरेजवाल्याची, फळगाडीवाल्याची, गादी-रजई भरणाऱ्याची. प्रश्न आमचा आहे आणि त्यांचाही आहे.

आधी सुरकुती म्हणजे काय ते पाहू. कापसाचा धागा सेल्युलोजच्या लांबलचक साखळ्यांचा बनलेला असतो. या साखळ्या एकमेकींना हायड्रोजन बंधांनी धरून असतात. कपडा भिजला की पाण्याचे कण मध्ये शिरतात, बंध सुटतात आणि साखळ्या सरकतात. कपडा वाळताना ज्या स्थितीत असेल, त्याच स्थितीत नवे बंध जुळतात. पिळा घालून बादलीत पडलेला कपडा पिळ्यातच वाळू लागला, तर त्याला पिळ्याची आठवण राहते. म्हणजे सुरकुती हा मळ नव्हे आणि डागही नव्हे. कपडा वाळताना कसा होता, याची ती खूण आहे. इस्त्री तरी दुसरे काय करते? ओलावा, उष्णता आणि दाब यांनी तेच बंध सोडवते आणि सरळ स्थितीत पुन्हा बांधते.

हे एकदा कळले की इस्त्रीवाचून सुरकुती घालवायची वाटही कळते. उष्णता नसेल, तर पाणी, वजन आणि वेळ यांच्याकडून काम करून घ्यायचे. आमच्या आया-आजींना सेल्युलोज हा शब्द माहीत नव्हता, पण हे शास्त्र माहीत होते. सदरा करकचून पिळायचा नाही. दोन्ही खांद्यांना धरून दोन-तीनदा जोरात झटकायचा. दोरीवर उलटा, खालच्या कडेने टांगायचा, म्हणजे निथळणाऱ्या पाण्याचे वजनच त्याला खाली ओढते. कॉलर, बाह्यांची टोके आणि काजांची पट्टी ओली असतानाच बोटांनी ताणून सारखी करायची. किंचित दमट असताना दोरीवरून काढायचा, पाटावर हाताने दाबत घडी घालायची आणि रात्रभर गादीखाली किंवा ट्रंकेखाली ठेवायची. पँट असेल तर चारही शिवणी जुळवून गादीखाली. सकाळी धार तयार. साडीची किंवा ओढणीची दोन टोके दोघींनी धरायची आणि मागे सरकत ताणायची. अगदीच घाई असेल तर पितळी तांब्यात निखारे किंवा उकळते पाणी घालून त्याचे बूड फिरवायचे. २००५ च्या आसपास ग्रामीण महाराष्ट्रात दिवसातले कित्येक तास भारनियमन असायचे. त्या वर्षांत तर ही विद्या घरोघर पुन्हा जिवंत झाली होती. 'इस्त्री' हा शब्दही 'ताणणे' या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दावरून आला, असे मानले जाते. म्हणजे शब्दाच्या मुळाशी विजेची तार नाही, ताणणारा हात आहे.

सुती कपड्याला ही विद्या लागू पडते, पॉलिएस्टरला तिची फारशी गरजच पडत नाही. शंभर ग्रॅम कापूस साध्या हवेतून सुमारे आठ ग्रॅम ओलावा धरून ठेवतो. पॉलिएस्टर अर्धा ग्रॅमही धरत नाही. पाणी आत शिरत नाही, म्हणून साखळ्याही सरकत नाहीत. आमच्या वऱ्हाडाच्या दृष्टीने यात एक गंमत आहे. मूर्तिजापूरहून कारंजा, दारव्हा करत यवतमाळला जाणारी शकुंतला रेल्वे इंग्रजांच्या काळात आली ती इथला कापूस वाहण्यासाठी. तो कापूस मुंबईमार्गे मँचेस्टरच्या गिरण्यांपर्यंत जायचा. त्याच मँचेस्टरच्या कॅलिको प्रिंटर्स असोसिएशन या संस्थेतल्या व्हिनफिल्ड आणि डिक्सन या दोघांनी १९४१ मध्ये पॉलिएस्टरचा धागा काढला. पुढे तो टेरिलीन या नावाने जगभर गेला. आमच्या शेतातला सुरकुतणारा धागा तिकडे गेला आणि न सुरकुतणारा धागा इकडे आला. अमेरिकेत रूथ बेनेरिटो या शास्त्रज्ञ बाईंनी सरकारी प्रयोगशाळेत कापसाच्याच साखळ्यांना रासायनिक टाके घालून न चुरगळणाऱ्या सुती कापडाच्या कामात मोलाची भर घातली. ते टाके घालायला वापरलेल्या राळेतून फॉर्मल्डिहाइड सुटते, हा पुढचा त्रासाचा भाग. एवढी बुद्धी, एवढे श्रम माणसाने कशासाठी खर्च केले? कपड्यावर वळी दिसू नये म्हणून.

मग ही वळी एवढी वाईट का वाटते? एक उत्तर असे की सुरकुतलेला कपडा म्हणजे गबाळेपणा आणि गबाळेपणा म्हणजे घाण. इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. स्वच्छ कपडा आणि सपाट कपडा या दोन बाबी आहेत. कपडा धुतलेला नसेल तर त्यातला घाम, जंतू, वास यांचा त्रास त्याला आणि शेजारच्यालाही होतो. कपडा चुरगळलेला असेल तर कोणाच्याही शरीराला काही होत नाही. होते ते फक्त बघणाऱ्याच्या मताला. पहिली बाब कर्तव्याची आहे, दुसरी रिवाजाची.

आमच्या धर्मग्रंथांतही हा फरक स्पष्ट दिसतो. मळके कपडे घातलेल्या एका माणसाला पाहून, याला कपडे धुवायला काही मिळाले नाही का, अशा अर्थाची नाराजी पैगंबरांनी व्यक्त केल्याचे हदीसमध्ये आहे. नाराजी धुण्याविषयी आहे. दुसऱ्या एका हदीसमध्ये कोणीतरी विचारतो, की आपले कपडे आणि जोडे चांगले असावेत असे वाटणे म्हणजे गर्व का? उत्तर नकारार्थी मिळते. सौंदर्याची आवड हा गर्व नव्हे. सत्य नाकारणे आणि लोकांना तुच्छ लेखणे हा गर्व, असा त्याचा आशय आहे. दुसरे खलिफा हजरत उमर यांच्या अंगरख्याला ठिगळे होती, ही गोष्ट आमच्या शाळांतली मुलेही सांगतात. हजला जाणारा पुरुष दोन न शिवलेल्या वस्त्रांत असतो. तिथे कोणाची घडी कडक आणि कोणाची ढिली, हे पाहायला कोणी जात नाही.

म्हणजे नीटनेटके राहण्यात पाप नाही. इस्त्रीचा सदरा घालणाऱ्याने मान खाली घालण्याचे कारण नाही. पाप असेल तर ते त्या सदऱ्यावरून खाली पाहणाऱ्या नजरेत आहे.

मराठीत 'परीटघडी' असा एक सुंदर शब्द आहे. ज्या कपड्याची घडी पाहून डोळा निवतो, तिला परिटाचे नाव दिले गेले. भाषेने परिटाला जो मान दिला, तो समाजाने दिला का? घडी वापरणारा ओट्यावर आणि घडी घालणारा दारात, अशीच रीत होती. नामदार गोपाळ कृष्ण गोखले १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत गेले होते. न्यायमूर्ती रानड्यांनी दिलेले एक उपरणे ते जिवापाड जपत. जोहान्सबर्गच्या मेजवानीला ते घालायचे होते, ते चुरगळले होते आणि धोब्याकडे पाठवायला वेळ नव्हता. गांधीजी म्हणाले, मी इस्त्री करतो. गोखल्यांना गांधींच्या वकिलीवर भरवसा होता, धोबीकामावर नव्हता. उपरणे बिघडले तर काय, अशी त्यांना धास्ती होती. गांधींनी हट्टाने इस्त्री केली, ती चांगली झाली आणि गोखल्यांची शाबासकी मिळाली, असे गांधींनी आत्मचरित्रात लिहिले आहे. आम्हाला या गोष्टीत महत्त्वाचे वाटते ते असे, की बॅरिस्टरने हे काम हाती घेतले तेव्हा ते शिकून घ्यावे लागणारे, कसबाचे काम आहे हे त्याने मान्य केले होते.

आणि याच वऱ्हाडात गाडगेबाबा झाले. १८७६ मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगाव इथे परीट कुटुंबात जन्मलेले डेबूजी झिंगराजी जाणोरकर. ज्या जातीच्या हातून दुसऱ्यांच्या कपड्यांना घडी पडत होती, त्या जातीतल्या या माणसाने आयुष्यभर चिंध्यांचा अंगरखा घातला, हातात खराटा घेतला आणि गावेच्या गावे झाडली. स्वच्छतेचा एवढा मोठा उपदेशक, पण त्याच्या अंगावर सपाट असे काही नव्हते. स्वच्छ आणि सपाट यांतला फरक याहून ठळकपणे कोणी दाखवलेला नाही. आज वाशीम जिल्ह्यातली महाविद्यालये ज्या विद्यापीठाला जोडलेली आहेत, त्याला बाबांचेच नाव आहे. चिंध्या पांघरणाऱ्या माणसाच्या नावाची पदवी भिंतीवर लावायची आणि मुलाखतीला आलेल्या उमेदवाराच्या कॉलरवरून त्याची लायकी ठरवायची, हे आपल्याला खटकत नाही.

अलीकडे सुरकुतीची बाजू घेणारे एक नवे कारण पुढे आले आहे. मे २०२४ मध्ये वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, म्हणजे सीएसआयआरने, 'रिंकल्स अच्छे हैं' अशी मोहीम काढली. दर सोमवारी बिनइस्त्रीचे कपडे घालून कामावर यावे, असे त्यात सुचवले होते. या कल्पनेमागे त्या वेळी मुंबईच्या आयआयटीत प्राध्यापक असलेले चेतनसिंह सोळंकी यांची एनर्जी स्वराजची चळवळ होती. एका जोडीला इस्त्री केली की सुमारे २०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, असा हिशेब त्यांनी मांडला. आम्ही मास्तर मंडळी हिशेब पडताळून पाहिल्याशिवाय राहत नाही. हजार वॅटची इस्त्री तासभर तापली तर एक युनिट वीज जाते. आपल्या देशात एका युनिटमागे साधारण ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सुटतो, कारण बहुतेक वीज कोळशावर तयार होते. म्हणजे २०० ग्रॅम म्हणजे पाव युनिटाहून थोडी जास्त वीज, सतरा मिनिटांची इस्त्री. थर्मोस्टॅट मधूनमधून वीज तोडतो हे धरले तर वेळ आणखी वाढेल. आकडा थोडा मोकळ्या हाताने काढलेला वाटतो, पण खोटा नाही. शेजारच्या अकोला जिल्ह्यात पारसला ५०० मेगावॅटचे कोळशाचे वीज केंद्र आहे. वीज कुठून येते हे आम्हाला कोणी सांगायला नको.

ही मोहीम चांगली आहे. पण ती वाचताना मनात एक प्रश्न येतो: सुरकुती घालण्याची मुभा कोणाला आहे? प्रयोगशाळेतला शास्त्रज्ञ सोमवारी चुरगळलेला सदरा घालून आला तर त्याला तत्त्वनिष्ठ म्हणतात. लिननचा महागडा शर्ट चुरगळला तर ती कापडाची शान ठरते. तीच सुरकुती वीटभट्टीवरून आलेल्या मुलाच्या गणवेशावर असली की आईबापांचे लक्ष नाही, असा शेरा पडतो. शासनाच्या मोफत गणवेशाचे वर्षाला दोन जोड मिळतात. पावसाळ्यात एक अंगावर आणि एक दोरीवर, आणि दोरीवरचा वाळत नाही. खोली एक, खिडकी नाही, रात्री चुलीच्या उबेवर गणवेश धरून वाळवलेला. त्या मुलाच्या पाठीवरच्या चुणीत त्याच्या आईची अर्धी रात्र असते. आपण ती हयगय म्हणून वाचतो.

मोठ्यांचीही हीच गोष्ट. मार्च २०२४ मध्ये शालेय शिक्षण विभागाने शिक्षकांच्या पेहरावाविषयी सूचना काढल्या: पुरुषांनी फिकट शर्ट, गडद पँट आणि शर्ट आत खोचलेला, बायकांनी साडी किंवा सलवार-कुर्ता, जीन्स आणि टीशर्ट नको. अशा सूचनांत इस्त्रीचे कलम लिहावे लागत नाही, वाचणारा ते मनातल्या मनात घालतोच. त्यात आमच्या समाजातल्या नोकरदाराला एक जादा ओझे असते. भाड्याने घर पाहायला जायचे, कर्जाचा अर्ज द्यायचा, दुसऱ्या माध्यमाच्या शाळेत प्रशिक्षणाला बसायचे, तर आधी कडक इस्त्री. कारण शंभरातल्या एकाचा सदरा चुरगळलेला असला तर तो त्या माणसाचा सदरा राहत नाही, 'यांचे असेच असते' या वाक्याचा पुरावा होतो. ज्याच्याकडे संशयाने पाहिले जाते त्याला सुरकुती परवडत नाही. इज्जत ज्याला जन्मासोबत मिळालेली असते, तोच सोमवारी ती दोरीवर टांगून बाहेर पडू शकतो. हे ओझे दलित, भटक्या, आदिवासी घरांतल्या पहिल्या पिढीच्या नोकरदारांनाही ओळखीचे असेल.

म्हणून नुसते 'इस्त्री सोडा' म्हटल्याने न्याय होत नाही. जो आधीच सन्मानित आहे त्याने सोडावी, ही पहिली पायरी. मुख्याध्यापक, अधिकारी, पुढारी यांनी सुरकुतलेल्या कपड्यात यावे, म्हणजे खालच्याला मोकळे वाटेल. आपल्याकडे पुढारी म्हटला की कडक खादीच डोळ्यांपुढे येते. जी खादी साधेपणासाठी अंगावर घेतली गेली तिलाच आपण खळ घालून ताठ केले.

इथे एक आक्षेप नक्की येईल. सगळ्यांनी इस्त्री सोडली तर चौकातल्या इस्त्रीवाल्याने काय खायचे? आक्षेप खरा आहे. २०२० च्या टाळेबंदीत लोक घरी बसले, बाहेर जायचे कपडे उरले नाहीत आणि इस्त्रीवाल्यांच्या टेबलांवर धूळ बसली, हे आपण पाहिले आहे. हवा शुद्ध करण्याची किंमत सर्वांत गरीब माणसाने मोजायची, हा न्याय नव्हे. तमिळनाडूतल्या तिरुवण्णामलाईच्या विनिशा उमाशंकर या शाळकरी मुलीने या प्रश्नाकडे वेगळ्या नजरेने पाहिले. कोळशाच्या इस्त्रीचा धूर पाहून तिने सूर्यऊर्जेवर चालणारी इस्त्रीगाडी तयार केली. २०२१ मध्ये ती अर्थशॉट पुरस्काराच्या अंतिम यादीत होती आणि त्याच वर्षी ग्लासगोच्या हवामान परिषदेत बोलली. तिने इस्त्रीवाल्याला दोष दिला नाही, त्याचे साधन बदलायचे ठरवले. लग्नाचे कपडे, ईदचे कुर्ते, नऊवारी, शेरवानी यांना कसबी हात लागणारच. ते काम राहावे, त्याचा दर वाढावा. रोजच्या सदऱ्याची सक्ती गेली म्हणून कसबाची किंमत जात नाही.

दुसरी बाब घरातली. रोजची इस्त्री बहुतेक घरांत कोण करते? नवऱ्याचा शर्ट, दोन मुलांचे गणवेश आणि शेवटी वेळ उरला तर स्वतःची ओढणी. तिला स्वतःला शाळेत शिकवायला जायचे असले तरी क्रम हाच. विजेचे युनिट मोजणाऱ्यांनी हे तासही मोजावेत. गादीखाली घडी ठेवायची युक्तीही बाईच्याच गळ्यात पडली, तर वीज वाचेल, बाई वाचणार नाही. ज्याचा सदरा, त्याने झटकावा.

शाळांत करता येण्यासारखे यातून तीन गोष्टी निघतात. एक, स्वच्छतेच्या तपासणीत नखे, दात, केस आणि धुतलेला कपडा एवढेच पाहावे. कपडा सपाट आहे का, हा रकाना तोंडीसुद्धा नसावा. दोन, कार्यानुभवाच्या तासाला मुलांना आणि मुलींना दोघांनाही कपडा धुणे, झटकणे, वाळत घालणे आणि घडी घालणे शिकवावे, त्यासोबत सेल्युलोजच्या साखळ्याही शिकवाव्यात. आजीची विद्या आणि विज्ञानाचे पुस्तक एकाच फळ्यावर आले, तर मुलाला आजीविषयीही आदर वाटेल आणि विज्ञानही परके वाटणार नाही. तीन, आठवड्यातला एक दिवस शिक्षकांनी बिनइस्त्रीच्या पण स्वच्छ कपड्यांत यावे आणि त्याचा गाजावाजा करू नये. मुलांनी विचारले तर कारण सांगावे.

यातून फार मोठी क्रांती होणार नाही. हवेतला कार्बन काही ग्रॅमांनीच कमी होईल. पण ज्या मुलाचा गणवेश रात्री चुलीवर वाळला, तो सकाळी पहिल्या बाकावर बसायला कचरणार नाही. त्याच्या पाठीवरची शिकन दिसली तरी मास्तरांच्या कपाळावर शिकन पडत नाही, एवढे त्याला कळले तरी पुष्कळ झाले.